घरच्या घरी सर्किट बोर्ड

सुर्ल्याच्या माणसाला लोहखनिजाची ओळख करून द्यायला नको. परंतु याच लोखंडाचा एक क्षार तांबे खाऊन टाकतो, आणि त्याच्या साहाय्याने सर्किट बोर्ड घरी तयार करता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पूर्वी रेडिओतील भाग तारांनी जोडीत असत. १९३६ च्या सुमारास पॉल आयस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने लंडनमध्ये तारांऐवजी तांब्याच्या पातळ रेघा वापरून रेडिओ तयार केला. आजच्या बोर्डाचे मूळ तेथे आहे.

बाजारात मिळणाऱ्या कोऱ्या बोर्डावर साधारणतः ३५ मायक्रॉन जाडीचा तांब्याचा थर असतो. हव्या त्या रेघा पक्क्या शाईने झाकल्या, की फेरिक क्लोराइडच्या द्रावणात उघडे तांबे विरघळते. शाईखालचे तेवढे राहते. पण रेघ काढायची कशी? आयसीच्या दोन पायांत अंतर २.५४ मिलिमीटर. दीड मिलिमीटरची टिकली धरल्यास मध्ये एकच मिलिमीटर उरतो. तेथून ०.४ ची रेघ न्यायची म्हणजे दोन्ही बाजूंस जेमतेम ०.३! हे हाताचे काम नव्हे. पेन प्लॉटरची एक मोटर पेन आडवे नेते, दुसरी उभे. तिसरी ते उचलते आणि टेकवते.

बोर्ड आधी घासून, धुऊन कोरडा करावा. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर शाई धरत नाही. वेग मंद ठेवून रेघ दोनदा गिरवावी. आमचा पहिला बोर्ड मात्र निराळ्याच कारणाने फुकट गेला. भाग वरून बसतात आणि तांबे खाली असते. आकृती आरशातल्यासारखी उलटी करायची आम्ही विसरलो!

द्रावण प्लास्टिकच्या भांड्यातच घ्यावे. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला ते खाईल. हातमोजे आणि चष्मा हवाच. तांबे गेले की बोर्ड धुवावा, स्पिरिटने शाई पुसावी, भोके पाडावीत आणि मीटरने प्रत्येक रेघ तपासावी.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी. वापरलेल्या द्रावणात तांबे उतरलेले असते आणि ते माशांना विषारी असते. ते न्हाणीच्या मोरीत किंवा परसात ओतू नये. बाटलीत साठवून पुन्हा वापरावे. निकामी झाले की महाविद्यालयाच्या रसायनशाळेत विचारून सोपवावे. खाणीची माती शेतात उतरली की काय होते, हे आपल्या भागाने पाहिले आहे. आपल्या हौसेचा गाळ शेजाऱ्याच्या विहिरीत जाऊ नये, एवढे भान ठेवून मित्रांनी हा प्रयोग अवश्य करावा.