भीमेतला अहीर आणि समुद्राची वाट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तळेगाव ढमढेरे हे वेळ नदीच्या काठचं गाव. वेळ पुढे भीमेला मिळते आणि भीमा शिरूर-दौंडच्या मधून उजनीकडे निघते. भीमेच्या या खोऱ्याशी अहीर या लांबोड्या माशाचं फार जुनं नातं आहे. दख्खनमध्ये सरकारी पाहणीचं काम केलेल्या कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये इथल्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यात त्यांनी अहिराला मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्यावरून 'अँग्विला एल्फिन्स्टोनी' असं नाव दिलं. पुढे हा मासा आणि ग्रे यांनी १८३१ मध्ये नोंदवलेला मासा एकच असल्याचं ठरलं, आणि 'अँग्विला बेंगालेन्सिस' हे जुनं नाव कायम राहिलं.

जन्म खोल समुद्रात, वाढ नदीत आणि शेवट पुन्हा समुद्रात, असं या माशाचं आयुष्य आहे. ते नीट माहीत नसल्यानं त्याच्याविषयी बरेच गैरसमज आहेत, आणि त्यातले काही थेट त्याच्या मुळावर येणारे आहेत.

गैरसमज: वाम आणि अहीर एकच.

वस्तुस्थिती: दोघे लांबट आहेत, एवढंच साम्य. भिगवणच्या बाजारात वाम म्हणून जो मासा मिळतो, त्याच्या पाठीवर सुट्या टोकदार काट्यांची रांग असते, तोंड निमुळतं असतं आणि नाकाच्या टोकाला मांसल सोंड असते. तो नदीतच जन्मतो आणि नदीतच मरतो. अहिराच्या पाठीवर एकही काटा नसतो. पाठीचा पर शेपटीला वळसा घालून पोटाखालच्या पराला सलग जोडलेला असतो. जबडा रुंद, अंगावर पिवळट-तपकिरी चट्टे, आणि खवले इतके बारीक व कातडीत रुतलेले की हाताला फक्त बुळबुळीतपणा लागतो. कोकणात खाडीत आणि समुद्रात मिळणारी वाम आणखी तिसरीच. ती आयुष्यभर खाऱ्या-मचूळ पाण्यात राहते. मासा नीट ओळखला नाही, तर 'आमच्याकडे अजून भरपूर आहेत' असं वाटत राहतं आणि खरा अहीर कधी नाहीसा झाला ते कळतही नाही.

गैरसमज: अहीर हा पाणसापच, तो चावला की विष चढतं, नाहीतर करंट बसतो.

वस्तुस्थिती: तो मासा आहे. त्याला कल्ले आहेत, छातीचे पर आहेत. ओल्या कातडीतूनही तो हवा घेऊ शकतो, म्हणून पावसाळी रात्री ओल्या गवतातून सरकताना दिसतो. त्याच्या चाव्यात विष नसतं. त्याचं कच्चं रक्त मात्र सस्तन प्राण्यांना बाधतं. शिजवल्यावर तो दोष जातो. विजेचा झटका देणारा अहिरासारखा लांबट मासा दक्षिण अमेरिकेतला आहे. त्याचं जवळचं नातं अहिराशी नसून शिंगाड्यासारख्या मिशाळ माशांशी आहे. साप समजून काठीनं मारला जाणारा अहीर म्हणजे हकनाक बळी गेलेला एक निरुपद्रवी मासा.

गैरसमज: पुण्याकडचा अहीर कोकणच्या समुद्रातून येतो.

वस्तुस्थिती: तळेगावपासून अरबी समुद्राचा किनारा सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत आहे, पण मध्ये सह्याद्री उभा आहे. इथलं पाणी पूर्वेला वाहतं. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे वेळ नदीत पोहोचणारं अहिराचं पिल्लू आंध्रच्या किनाऱ्यावरून आत शिरून हजार किलोमीटरहून अधिक अंतर प्रवाहाविरुद्ध चढून आलेलं असतं. कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्यांतही अहीर आहे. त्याला मात्र अरबी समुद्राकडून येणारी आखूड वाट मिळते.

गैरसमज: पाला माशासारखा अहीरही अंडी घालायला नदीत चढतो.

वस्तुस्थिती: नेमकं उलट. पाला समुद्रात वाढतो आणि विणीसाठी नदीत येतो. अहीर नदीत वाढतो आणि विणीसाठी समुद्रात जातो. गोड्या पाण्यातल्या अहिराच्या पोटात पिकलेली अंडी सापडत नाहीत. म्हणूनच ॲरिस्टॉटलनं या कुळातले मासे चिखलातून उपजतात असं लिहून ठेवलं. तरुण सिग्मंड फ्रॉइड यांनी १८७६ मध्ये आज इटलीत असलेल्या त्रिएस्तमध्ये नराचं जननांग शोधण्यासाठी चारशे मासे चिरले. अखेर १८९६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ग्रासी यांनी दाखवून दिलं, की समुद्रात तरंगणारा, पानासारखा चपटा आणि पारदर्शक जीव हे याच कुळाचं पिल्लू आहे. युरोपातल्या जातीची वीण अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात होते, हे संशोधक श्मिट यांनी १९२२ मध्ये मांडलं. डॅनिश जहाज 'डाना'च्या १९२८ ते १९३० च्या सफरीत अशी पिल्लं सुमात्राच्या पश्चिमेला हिंदी महासागरात मिळाली. आपल्या अहिराची वीण मात्र अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही.

ही पिल्लं प्रवाहाबरोबर किनाऱ्याकडे येतात. तिथे त्यांना गोल आकार येतो, पण अंग काचेसारखं आरपारच राहतं. नदीत शिरल्यावर रंग चढतो. मग कित्येक वर्षं ते डोहात, दगडांच्या कपारीत, काठच्या मुळांखाली राहतात आणि रात्री खेकडे, बेडूक, लहान मासे खातात. परतीची वेळ आली की डोळे मोठे होतात, आतडं आक्रसतं, खाणं थांबतं. पुराच्या काळोख्या रात्री ते खाली निघतात. एकदाच वीण, आणि त्यानंतर मरण.

गैरसमज: समुद्रात जन्मलेला प्रत्येक अहीर नदीत येतोच.

वस्तुस्थिती: माशाच्या कानात चुन्याचा एक बारीक खडा असतो. झाडाच्या खोडाप्रमाणे त्यावरही वाढीची वलयं पडतात. खाऱ्या पाण्यात स्ट्रॉन्शियम जास्त असतं, गोड्यात कमी. मासा ज्या पाण्यात राहिला त्यातल्या स्ट्रॉन्शियमचं प्रमाण त्या-त्या वर्षीच्या वलयात उतरतं. खडा चिरून, घासून, वलयागणिक मोजला की त्या माशानं कोणतं वर्ष कुठे काढलं ते वाचता येतं. जपान आणि युरोपातल्या अशा तपासणीत काही मासे नदीत कधीच शिरले नव्हते, असं १९९८ मध्ये पुढे आलं. काही खाडीतच थांबतात, काही दोन्हीकडे ये-जा करतात. या कुळात नदीनं दूर आतवर चढणारे बहुतेक मासे माद्या असतात, आणि मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी तयार होतात. म्हणून वरच्या नद्या बंद झाल्या, तर तोटा मुख्यतः आयांचा होतो.

गैरसमज: अहीर भिंतही चढतो, त्याला धरणाचं काय!

वस्तुस्थिती: बोटाएवढं पिल्लू ओल्या, खडबडीत भिंतीला अंग चिकटवून वर सरकतं, हे खरं आहे. पाझरणारा बुटका बंधारा त्याला जमतो. अंग वाढलं की ती चिकटण संपते, आणि कोरड्या, गुळगुळीत काँक्रीटवर तर पिल्लाचंही काही चालत नाही. आता त्याचा मार्ग पाहा. विजयवाड्याला १९५७ चा प्रकाशम बंधारा. त्याआधी १८५५ पासून तिथेच जुना बांध होता. मग पुलिचिंतला, १२४ मीटर उंच नागार्जुनसागर, १४५ मीटर उंच श्रीशैलम, जुराला. भीमेवर सन्नती, सोन्ना, आणि १९८० मध्ये पूर्ण झालेलं उजनी. त्यापुढे दौंड तालुक्यात पुण्याचं सांडपाणी घेऊन आलेली मुळा-मुठा भीमेला मिळते. हे सगळं ओलांडल्यावर वेळ नदीचं तोंड येतं. परतताना वीजनिर्मितीच्या टर्बाइनची पाती असतात, आणि लांब अंगाच्या माशाला त्यांचा धोका सर्वांत जास्त.

गैरसमज: धरणात अजून मोठा अहीर मिळतो, म्हणजे सगळं ठीक आहे.

वस्तुस्थिती: अहीर दीर्घायुषी आहे. वाट बंद झाली तरी आधी वर आलेला मासा वर्षानुवर्षं जगतो आणि वाढतो, पण तिथे त्याची वीण होत नाही. मोठे मासे मिळतात आणि पिल्लं दिसत नाहीत, तिथे तो अहिरांचा शेवटचा गट असू शकतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं आपला अहीर संकटाच्या उंबरठ्यावरच्या गटात, तर युरोपातली जात अतिसंकटग्रस्त गटात ठेवली आहे.

गैरसमज: कटला-रोहूसारखं अहिराचं बीज सोडलं की झालं.

वस्तुस्थिती: कटला-रोहूचं बीज हॅचरीत तयार होतं. अहिराच्या कुळाचं आयुष्यचक्र जपानी संशोधकांनी २०१० मध्ये बंदिस्त पाण्यात पूर्ण करून दाखवलं, पण जगभरच्या संगोपन केंद्रांत आजही मुख्यतः समुद्रातून पकडलेली काचेरी पिल्लंच वाढवली जातात. म्हणजे एका ठिकाणी सोडायची तर दुसरीकडून उचलावी लागतात. उपाय वाटेवरच करायला हवेत. युरोप आणि न्यूझीलंडमध्ये बंधाऱ्यांवर ब्रशसारख्या केसाळ पट्ट्यांच्या ओल्या चढणी बसवतात, धरणाखाली जमलेली पिल्लं गोळा करून वर नेऊन सोडतात, टर्बाइनपुढे जाळ्या लावतात. युरोपीय संघाच्या २००७ च्या नियमानुसार, माणसाचा हस्तक्षेप नसता तर जेवढे मासे समुद्राला परतले असते, त्यांच्या वजनाच्या निदान ४० टक्के परतलेच पाहिजेत, असं उद्दिष्ट आहे.

कृष्णेवरच्या धरणांचा निर्णय तळेगावात होणार नाही, पण काही गोष्टी शिरूर-दौंडच्या हातात आहेत. भीमेच्या पात्रातला वाळूउपसा थांबला तर डोह आणि कपारी टिकतील. जैवविविधता कायदा २००२ नुसार गावागावांत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही असायला हवी. भोई आणि कोळी समाजातल्या जुन्या माणसांना विचारून तिच्यात अहिराचं पान लिहावं: कोणत्या डोहात मिळायचा, कोणत्या महिन्यात, केवढा, शेवटचा कधी पाहिला. आज जाळ्यात सापडला तर फोटो, लांबी, तारीख आणि ठिकाण लिहून तो पाण्यात सोडावा. वाट खुली करा अशी मागणी चार राज्यांच्या पाटबंधारे खात्यांपुढे ठेवायची असेल, तर ती वाट कुठपर्यंत येत होती याचा पुरावा आपल्याकडेच असायला हवा, आणि तो देऊ शकणारी पिढी आता थकत चालली आहे.