ग्रब रेस्क्यू

ग्रब रेस्क्यू ही ग्रब या बूट लोडरची आणीबाणीची, मर्यादित क्षमतेची अवस्था आहे. एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स अशा दोन संचालन प्रणाली असताना हार्ड डिस्कची विभागणी बदलली, की संगणक पुन्हा सुरू करताना पुष्कळदा ती समोर येते. काळ्या पडद्यावर 'असे पार्टिशन नाही' या अर्थाचा इंग्रजी संदेश दिसतो आणि त्याखाली 'ग्रब रेस्क्यू' हे शब्द. सारे काही पुसले गेले असे समजून अनेक जण प्रणाली नव्याने स्थापित करू लागतात. वस्तुतः लिनक्सचे पार्टिशन काढलेले नसेल, तर त्यातील माहिती बहुधा जागच्या जागी असते. घाईच्या स्थापनेत मात्र ती खरोखरच नष्ट होऊ शकते.

कारण

एमबीआर या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमसाठी व ६४ बाइट पार्टिशनांच्या तक्त्यासाठी असतात. एवढ्याशा जागेत ग्रब मावत नाही. त्याचा दुसरा भाग सामान्यतः पहिल्या पार्टिशनआधीच्या मोकळ्या जागेत आणि मेनूसह उरलेला भाग लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतो. या उरलेल्या भागाचा पत्ता दुसऱ्या भागात पार्टिशनच्या क्रमांकाने नोंदलेला असतो, आणि घोटाळा होतो तो येथेच.

तक्त्यात चारच नोंदी मावतात. अधिक पार्टिशने हवी असल्यास ती एका विस्तारित पार्टिशनच्या पोटात करावी लागतात व त्यांचे क्रमांक ५ पासून सुरू होतात. हे क्रमांक डिस्कवर लिहिलेले नसतात. साखळीतील क्रमाने ते मोजले जातात. त्यामुळे विंडोजमधून ५ वे पार्टिशन काढले, की ६ वे आपोआप ५ वे होते. लिनक्स तेथे असेल, तर ग्रब अस्तित्वात नसलेले ६ वे शोधत बसतो. वाड्यातील मधली खोली पाडून पुढील खोल्यांना नवे क्रमांक द्यावेत आणि टपालवाल्याने जुनाच पत्ता धरून बसावे, तसा हा प्रकार.

दुरुस्ती

या अवस्थेत मोजक्याच आज्ञा चालतात व त्या रोमन लहान अक्षरांत टंकाव्या लागतात. 'एलएस' या आज्ञेने पार्टिशनांची यादी मिळते. तीच आज्ञा एकेका पार्टिशनचे नाव व तिरपी रेघ जोडून दिल्यास आतील फोल्डर दिसतात. 'बूट', 'ईटीसी' व 'होम' ही नावे जेथे आढळतील, ते लिनक्सचे पार्टिशन. मग 'सेट'ने 'रूट' आणि 'प्रीफिक्स' या चलांना नवा पत्ता द्यावा, 'इन्समॉड'ने 'नॉर्मल' हे मॉड्यूल चढवावे आणि 'नॉर्मल' ही आज्ञा द्यावी. नेहमीचा मेनू उघडतो.

ही दुरुस्ती तेवढ्या वेळेपुरतीच असते. लिनक्स सुरू झाल्यावर 'ग्रब-इन्स्टॉल' ही आज्ञा संपूर्ण डिस्कचे नाव देऊन (पार्टिशनचे नव्हे) चालवावी लागते. उबुंटूमध्ये त्यानंतर 'अपडेट-ग्रब'ही चालवतात. ही पायरी विसरल्यास पुढच्या वेळी तोच काळा पडदा दिसतो. विंडोजच्या दुरुस्ती डिस्कवरील 'बूटरेक' आज्ञेने एमबीआर नव्याने लिहिल्यास विंडोज सहसा सुरू होते, परंतु लिनक्सची वाट बंदच राहते.

लिनक्सचे पार्टिशनच चुकून काढले गेले असेल, तर त्या डिस्कवर काहीही न लिहिता पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे. टेस्टडिस्क हा मुक्त प्रोग्रॅम हरवलेल्या पार्टिशनांच्या खुणा शोधून तक्ता पुन्हा लिहू शकतो.

नव्या संगणकांवर

यूईएफआय व जीपीटी असलेल्या संगणकांवर एखादे पार्टिशन काढल्याने इतरांचे क्रमांक सहसा सरकत नाहीत. तेथे ग्रब ही ईएफआय पार्टिशनमधील एक फाइल असते. ते छोटे पार्टिशन निरुपयोगी समजून काढल्यास दोन्ही प्रणाली सुरू होणे थांबते.