अनुपस्थितीचा अर्थ : सैनिकी कुटुंब, घटस्फोट आणि मुलांचा ताबा

सैनिकाच्या घराला निरोपाची सवय असते. दर दोन-तीन वर्षांनी बदली, नाव आणि क्रमांक रंगवलेल्या काळ्या पेट्या, मुलांची नवी शाळा. आणि नेमणूक सीमेवर असेल तर कुटुंबाला मागे ठेवून एकट्यानेच जाणे. बहुतेक संसार ही कसोटी निभावून नेतात. काहींचा दुरावा मात्र केवळ अंतराचा राहत नाही. तो मनात उतरतो आणि प्रकरण कुटुंब न्यायालयात जाते. अशा वेळी एक प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो : कर्तव्यासाठी दूर असलेल्या व्यक्तीच्या अनुपस्थितीचा अर्थ काय लावावयाचा?

कर्तव्य म्हणजे परित्याग नव्हे

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ नुसार सलग दोन वर्षांचा परित्याग हे घटस्फोटाचे एक कारण आहे. परंतु हा परित्याग वाजवी कारणाशिवाय आणि जोडीदाराच्या संमतीविना केलेला असावा लागतो. केवळ सीमेवरील नेमणूक ही त्यात बसत नाही. तद्वतच, नेमणुकीच्या ठिकाणी कुटुंबाला राहण्याची सोय नाही म्हणून गावी राहिलेल्या पत्नीवरही तो दोष येत नाही.

दूरवरच्या सैनिकाच्या पश्चात निकाल लागू नये, यासाठी ‘इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५’ हा जुना कायदा आजही उपयोगी पडतो. विशेष किंवा युद्धजन्य परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाविरुद्धचे कामकाज त्यानुसार स्थगित होऊ शकते. त्याच्या गैरहजेरीत झालेला एकतर्फी निकाल रद्द करण्याची मागणीही करता येते. परस्परसंमतीच्या घटस्फोटातील सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणी माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. मोजक्या रजेवर येणाऱ्या सैनिकाला या सवलतीचे मोल विशेष वाटेल.

हे संरक्षण म्हणजे जबाबदारीतून सुटका मात्र नव्हे. सैनिकाचे वेतन दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याखाली जप्त करता येत नाही, हे खरे. परंतु पत्नी व अपत्ये यांच्या निर्वाहासाठी वेतनातून कपात करण्याची तरतूद आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम ९० व ९१ मध्ये आहे. याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली न्यायालयाकडे पोटगी मागण्याचा मार्ग खुला आहेच.

मूल कोणाकडे?

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. त्यानंतरही आई की वडील यापेक्षा मुलाचे हित हीच सर्वोच्च कसोटी ठरते. ताब्याचा अर्ज मूल जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयात करावयाचा असतो. पण तीन वर्षांत दोन छावण्या आणि एक आजोळ पाहिलेल्या मुलाचे ‘सामान्य’ निवासस्थान कोणते? येथेच अनेक प्रकरणे अडतात. शाळेचे दाखले, निवासस्थानाची कागदपत्रे आणि बदलीचे आदेश जपून ठेवण्याचे महत्त्व तेव्हा कळते. आज वर्दीतल्या माताही सीमेवर सेवा बजावीत आहेत. हा प्रश्न आता केवळ वडिलांचा राहिलेला नाही.

ताबा एकाकडे गेला म्हणजे दुसऱ्याचे नाते संपत नाही. ज्या पालकाकडे ताबा नाही, त्याला मुलाशी दररोज काही मिनिटे बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू प्रकरणी २०२० मध्ये म्हटले. दूरच्या ठाण्यावरून संपर्क जुळेल तेव्हाच बोलू शकणाऱ्या पालकासाठी भेटीची आणि बोलण्याची वेळ लवचीक असावी, हे आदेशातच नमूद करून घेणे हिताचे ठरते.

बँकेच्या एका अर्जातून

‘अनुपस्थिती’ या शब्दाला नवा अर्थ मिळाला तो एका गुंतवणुकीच्या अर्जामुळे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी पालक म्हणून सही केली. वडिलांची सही हवी म्हणून अर्ज परत आला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘वडिलांनंतर आई’ यातील ‘नंतर’ म्हणजे केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे, तर त्यांच्या अनुपस्थितीतही, असा निर्णय १९९९ मध्ये झाला. वडील दूर असताना घर एकटीने चालविणाऱ्या आईच्या सहीला या निर्णयाने बळ मिळाले. आई पालक राहून अज्ञान मुलाचे खाते आज उघडता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या सूचनांतही ते स्पष्ट आहे.

विभक्त होताना तीन गोष्टी विसरू नयेत. घटस्फोटाने ठेवीवरील नामांकन आपोआप बदलत नाही. ते ठेवीदाराने स्वतः बदलावे लागते. संयुक्त खाते कोणाच्या सहीने चालावे, हे दोघांनी लेखी कळवावे. न्यायालयाने पालकत्वाविषयी आदेश दिला असल्यास त्याची प्रमाणित प्रत शाखेत द्यावी. घटस्फोटानंतर पत्नीचा कुटुंब निवृत्तिवेतनावरील हक्क राहत नाही. अपत्याचा मात्र विहित अटींवर टिकून राहतो. म्हणून सेवेच्या नोंदींत मुलांची नावे बिनचूक असणे अगत्याचे आहे.

शाखेत येणारी अशी आई किंवा असा जवान दुःखाचा पाढा वाचत नाही. एक अर्ज मागतो, इतकेच. सुटीचे चारच दिवस हाती असलेल्या त्या ग्राहकाला दुसऱ्यांदा फेरी पडू नये, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे.