पलंगाखालची सोनी

"कुत्रं? ह्या खोलीत? जन्मभर साहेबाच्या कुत्र्याचं केलं, आता म्हातारपणी घरात बी तेच करू?"

सासूबाईंचा हा पहिला सवाल, आणि तो खोटा नव्हता. एका बंगल्यात त्यांनी बावीस वर्षे धुणीभांडी केली. तिथल्या कुत्र्याला मटण शिजवून घालायचे आणि घरी पोरांसाठी उरलीसुरली पोळी न्यायची, हे त्यांनी भोगले आहे. आपल्यातल्या कितीतरी आयाबहिणींचा हाच अनुभव असेल. कुत्रा पाळणे ही पैसेवाल्यांची हौस, असे आपल्याला वाटते ते उगीच नाही.

तरीही २०२३ च्या जानेवारीत आमच्या नायगावच्या दहा बाय बाराच्या खोलीत सोनी आली. आली ती पाहुणी म्हणून, दोन महिन्यांपुरती.

माझी मुलगी कॉलेज सुटल्यावर जखमी, बेवारस जनावरांची सोडवणूक करणाऱ्या मुलामुलींबरोबर जात असे. त्यांनी एका बंद गाळ्यातून पाच-सहा पॉमेरियन कुत्र्या सोडवल्या होत्या. तिथे पिल्ले विकण्याचा धंदा चाले. मादीला वर्षानुवर्षे पिंजऱ्यात कोंडायचे, विण्यापुरते वापरायचे आणि अंग थकले की टाकून द्यायचे. असा धंदा करणाऱ्याने नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, असे २०१७ चे नियम आहेत. पण गल्लीबोळातला धंदेवाला नियम विचारतो कुठे?

अशा जनावराला कायमचे घर मिळेपर्यंत कोणीतरी आपल्याकडे ठेवून घ्यावे लागते. पंचवीस कुत्र्यांच्या गजबजाटात भित्रे जनावर आणखीच भिते. म्हणून हा तात्पुरता सांभाळ.

पलंगाखालचे दिवस

सोनी जेमतेम चार किलोची. पांढऱ्या केसांचे गठ्ठे झालेले, दात किडलेले. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात दाखवून आणले, लस टोचली, जंताचे औषध दिले. घरात पाऊल पडताच ती पलंगाखाली शिरली. चार दिवस आम्ही जागे असताना बाहेर आली नाही. रात्री दिवा मालवला की वाटी चाटल्याचा आवाज येई.

धाकट्या मुलाने एकदा मायेपोटीच तिला ओढून बाहेर काढले. ती चावली नाही, पण जागीच लघवी केली आणि कितीतरी वेळ थरथरत राहिली. मुलगाही रडवेला झाला.

त्या दिवसापासून मुलीने घरात नियम लावले. ओढायचे नाही. वाकून अंगावर जायचे नाही. डोळ्यांत रोखून बघायचे नाही. डोक्यावर वरून हात ठेवायचा नाही. जेवण रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी. भीतीच्या खुणाही आम्ही ओळखायला शिकलो. पोटाशी घेतलेली शेपूट, मागे पाडलेले कान, झोप नसता दिलेली जांभई, वारंवार ओठ चाटणे. ती गुरगुरली तरी मारायचे नाही. गुरगुरणे म्हणजे सूचना. मारून ती बंद पाडली, तर जनावर सूचना न देता चावते.

आम्ही सगळे तिची मनधरणी करत होतो. सासूबाई मात्र ढुंकूनही बघत नसत. दुपारी जमिनीवर बसून तांदूळ निवडायच्या, रेडिओ ऐकायच्या. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी सोनी पलंगाखालून निघाली, ती त्यांच्याच मागे जाऊन पाठीला पाठ लावून बसली. मी कामावरून आले तर सासूबाई म्हणाल्या, "हिच्यामुळं पाय आखडलं माझं. उठता येईना."

भित्र्या जनावराचे असेच असते. जो त्याच्याकडून काही मागत नाही, त्याच्याकडे ते आधी जाते.

द्यायचे की ठेवायचे?

मार्चमध्ये एक जोडपे तिला बघायला आले. चांगली माणसे, मोठे घर. तासभर बसले. सोनी पलंगाखालून हलली नाही. "पुन्हा येऊ," म्हणून ते गेले.

रात्री आम्ही हिशोब मांडला. भात, अंडे, कोंबडीचे तुकडे आणि औषधपाणी धरून महिन्याला हजार-बाराशे रुपये. ही लहान जात साधारण बारा-चौदा वर्षे जगते. सोनी सहा-सात वर्षांची, म्हणजे अजून तेवढाच काळ. मुलीचे लग्न झाल्यावर कोण बघणार? माझे मत द्यावे असेच होते.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बंगल्यातल्या कुत्र्याचा मला कधी राग नव्हता. त्याला नावानं हाक मारायचे, मला नुसतं 'बाई'. राग त्याचा हाय. हिनं काय केलंय? ही बी दुसऱ्यासाठी राबूनच आलीया."

सोनी राहिली. १४ एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीचे ढोल वाजू लागले तशी ती गारठली. आयुष्यात एकही मिरवणूक न चुकवलेल्या सासूबाई दार लावून, रेडिओ मोठा करून तिच्याजवळ बसल्या. ढोल लांब गेल्यावर नवे लुगडे नेसून खाली उतरल्या.

घरी आणण्यापूर्वी

घरातल्या सगळ्यांची तयारी असेल तरच जनावर आणावे. कायमचे जमत नसेल तर दोन महिने सांभाळून चांगल्या घरी देणे हेही मोठे काम आहे, त्यात कमीपणा नाही. रेबीजची लस दरवर्षी टोचावी. पिल्ले न होण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी. मुंबईत महापालिकेचा परवाना काढावा लागतो. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे घालू नयेत.

कोणतेही कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची लावू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचवणे जवळजवळ अशक्य असते.

विकत घेण्यापेक्षा बेघर जनावर आणावे. रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यायचे असल्यास महापालिकेकडे अर्ज करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटले आहे. मात्र एकदा घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर जाणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची.

सोनी धीट झाली असे नाही. अनोळखी पुरुषाचा मोठा आवाज आला की अजूनही पलंगाखाली जाते. आम्ही कोणी तिला बाहेर बोलावत नाही. सासूबाई तांदळाचे ताट घेऊन खाली बसतात. थोड्या वेळाने ती आपली आपण येते.