‘वुमन’मधला ‘मॅन’ कोण?

दरवर्षी ८ मार्चचा महिला दिन जवळ आला की तोच मजकूर फोनवर फिरू लागतो: ‘वुमन’मध्ये ‘मॅन’ आहे, ‘फीमेल’मध्ये ‘मेल’ आहे, ‘शी’मध्ये ‘ही’ आहे. कुणी त्यातून स्त्रीची थोरवी काढतं, तर कुणी ती पुरुषापासूनच घडली असं ठासून सांगतं. भाषणांत यावर टाळ्याही पडतात. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, कारण मुळात पायाच कच्चा आहे.

गैरसमज: ‘वुमन’ हा शब्द पुरुषवाचक ‘मॅन’वरून आला.

वस्तुस्थिती: हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘मन्न’ म्हणजे माणूस, मग ती बाई असो की पुरुष. संस्कृत ‘मनु’ त्याच कुळातला. बाईसाठी ‘वीफ’ आणि पुरुषासाठी ‘वेर’ असे वेगळे शब्द होते. ‘वीफ’ आणि ‘मन्न’ मिळून ‘वीफमन्न’ झाला, अगदी आपल्या ‘बाईमाणूस’सारखा. पुरुषालाही असाच जोडशब्द होता: ‘वॅपमन्न’, शब्दशः शस्त्रवाला माणूस. मग पुरुषही पुरुषापासूनच घडला म्हणायचं का?

पुढे ‘वीफमन्न’मधला ‘फ’ गळाला आणि ‘वि’चा ‘वु’ झाला. अनेकवचनात मात्र जुना स्वर टिकला. म्हणून ‘ओ’ लिहूनही उच्चार ‘विमिन’ असाच होतो. तेराव्या शतकाच्या सुमारास ‘वेर’ मागे पडू लागला आणि त्याची जागा ‘मॅन’ने घेतली. ‘वेर’ आता उरलाय तो ‘वेअरवुल्फ’मध्ये. ‘वीफ’ची ‘वाइफ’ झाली, तरी ‘मिडवाइफ’मध्ये तिचा जुना अर्थ शाबूत आहे: ‘मिड’ म्हणजे सोबत, ‘वाइफ’ म्हणजे बाई, बाळंतिणीसोबत असणारी बाई ती सुईण. शंका असेल त्यांनी ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात या नोंदी पाहाव्यात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

‘फीमेल’मध्ये ‘मेल’: लॅटिन ‘फेमेल्ला’चं फ्रेंचमध्ये ‘फेमेल’ झालं, तर ‘मेल’ आला ‘मास्कुलुस’वरून. चौदाव्या शतकात ‘मेल’च्या वळणाने ‘फीमेल’चं शेपूट बदललं, इतकंच.

‘शी’मध्ये ‘ही’: ‘ती’साठी जुना शब्द ‘हेओ’ होता. ‘ही’ला ‘एस’ चिकटवून कुणी ‘शी’ केली नाही.

‘हिस्टरी’ म्हणजे ‘हिज स्टोरी’: ग्रीक ‘हिस्टोरिया’ म्हणजे चौकशी, शोध. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने तो इ.स.पू. पाचव्या शतकात वापरला. तेव्हा इंग्रजी भाषाच नव्हती.

‘मॅनेजर’मध्ये ‘मॅन’: हा लॅटिन ‘मानुस’, म्हणजे हात. ‘मॅन्युअल’ आणि ‘मॅन्युस्क्रिप्ट’ त्याचेच नातलग.

‘ह्यूमन’मध्ये ‘मॅन’: लॅटिन ‘हुमानुस’वरून आलेला; इंग्रजी ‘मॅन’शी संबंध नाही.

अक्षरं जुळली म्हणून शब्दांचं नातं जुळत नाही. ते ठरतं शब्दाच्या सर्वांत जुन्या लिखित रूपावरून आणि तेव्हाच्या अर्थावरून. आणि स्त्रीचा मान तर कुठल्याच स्पेलिंगवर अवलंबून नाही. भाषणात तिच्याबद्दल बोलायचंच असेल, तर तिच्या कामाबद्दल आणि हक्कांबद्दल बोला.