घरी प्रवाळ टाकी लावायची तर

गोड्या पाण्यात गप्पी, एंजल, गोल्डफिश पाळून झाले की अनेकांना खाऱ्या पाण्याची प्रवाळ टाकी ही पुढची पायरी वाटते. प्रत्यक्षात तो वेगळाच छंद आहे. नदी-तळ्यातले मासे ऋतूंबरोबर बदलणारं पाणी सोसत आलेले असतात. प्रवाळभित्तीवरच्या जिवांना मात्र क्षारता, तापमान आणि सामू फारसे न हलणाऱ्या समुद्राची सवय असते. दोनशे लिटर पाण्यात तेवढं स्थैर्य आणणं हे इथलं खरं काम, आणि मासे-प्रवाळ सर्वांत शेवटी येतात. आपल्याकडे त्यात दोन गोष्टींची भर पडते: उन्हाळा आणि वन्यजीव कायदा. खरेदीची यादी करण्याआधी या दोन्हींचा हिशेब करावा.

कायदा काय सांगतो

चुन्याचा सांगाडा बांधणारे सगळे दगडी प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही त्याच अनुसूचीत आहे. काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांनाही हेच संरक्षण आहे. २०२० मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अली इथल्या प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. मग मालवणच्या खडकावरून तुकडा उचलून आणणं किंवा भित्तीतून खणलेला ‘लाइव्ह रॉक’ विकत घेणं कोणत्या सदरात मोडतं, हे सांगायला नको. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही संरक्षित आहेत.

‘हा माल बाहेरचा आहे’ एवढं दुकानदाराने सांगून भागत नाही. दगडी प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. त्यामुळे आयातीची कागदपत्रं लागतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परिशिष्टांतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यावर नोंदणीची जबाबदारीही आली आहे. नवशिक्याने दगडी प्रवाळांच्या वाटेला न जाणंच बरं. मऊ प्रवाळांतही सुंदर टाकी उभी राहते.

टाकी आणि जागा

सुरुवात लहान टाकीने करावी हा समज इथे उलटा ठरतो. पाणी जितकं कमी, तितके त्यातले बदल झपाट्याने होतात. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावतं. नवख्या हाताला हा आकार झेपतो. पाणी, काच, दगड आणि स्टँड धरून वजन तीनशे किलोच्या आसपास जातं, म्हणून टाकी भिंतीलगत आणि शक्यतो बीमच्या जवळ ठेवावी. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळावी.

टाकीखालच्या कपाटात दुसरी छोटी टाकी बसवतात, तिला संप म्हणतात. वरचं पाणी पाइपाने संपमध्ये उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो. फेसाबरोबर मळ काढणारा प्रोटीन स्किमर, हीटर आणि पाणी थंड करणाऱ्या चिलरकडे जाणारा पंप संपमध्येच बसत असल्याने वरची टाकी मोकळी राहते. पंप बंद पडला की वरचं थोडं पाणी खाली येतं, त्यासाठी संप काठोकाठ भरायचा नाही.

खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे. या उपकरणांच्या सर्किटवर गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी हवाच. प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली एक झोल ठेवावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोलावरून खाली ठिबकतं.

पाणी आणि मीठ

समुद्र शेजारी असला तरी मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी टाकीत वापरू नये. त्यात गाळ आणि सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही घसरते. नळाच्या, बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्लोरीन, नायट्रेट, फॉस्फेट असं काहीही असू शकतं. म्हणून आधी पाणी कोरं करायचं: आरओ आणि त्यानंतर उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन. शेवटी टीडीएस मीटरवर ० दिसलं पाहिजे.

स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. चवीसाठी अनेक यंत्रं आरओच्या पाण्यात थोडं मूळ पाणी किंवा खनिजं मिसळतात, आणि काही मॉडेल मुद्दाम तांबं घालतात. माणसाला चालणारं तांबं कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळांना मारक असतं.

मीठही खास टाकीसाठी बनवलेलंच घ्यावं. खडेमीठ किंवा स्वयंपाकाचं मीठ बहुतांशी सोडियम क्लोराइड असतं. प्रवाळ टाकीला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही योग्य प्रमाणात लागतात. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरला सुमारे ७ किलो मीठ लागतं. ते पिंपातल्या पाण्यात घालून पंपाने रात्रभर ढवळावं. रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ यावं.

वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. म्हणून रोजची घट साध्या आरओ-डीआय पाण्यानेच भरायची. खारं पाणी घालत गेलात तर क्षारता चढत जाते.

उन्हाळ्याचा हिशेब

टाकीचं तापमान २४ ते २७ अंशांत हवं. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात आणि प्रकाशातून बनवलेलं अन्न त्याला पुरवतात. पाणी फार वेळ तापलं की ही भागीदारी तुटते, शैवालं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. समुद्रातलं ब्लीचिंग आणि टाकीतलं ब्लीचिंग यांचं कारण एकच.

मुंबईत एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये खोलीच तिशीपलीकडे जाते. त्यात पंप आणि दिव्यांची उष्णता मिसळते. पाण्यावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण हवा कोरडी असेल तरच. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात पंखा जे काम करतो, ते कोकणपट्टीच्या दमट हवेत करत नाही. तिथे चिलर लागतोच. त्याची गरम हवा बाहेर जाईल अशी सोय करावी. बंद कपाटात ठेवलेला चिलर कपाटच तापवतो.

विजेचा अंदाजही आधी बांधावा. समजा, १०० वॅटचे दिवे नऊ तास, ६० वॅटचे पंप चोवीस तास आणि २०० वॅटचा चिलर दिवसातले बारा तास चालला, तर रोज सुमारे पावणेपाच युनिट जळतात. महिन्याला हे १४० युनिटच्या पुढे जातं.

दगड, प्रवाह, प्रकाश

कायद्यामुळे आपल्याकडे टाकीसाठी बनवलेले सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र कृत्रिम दगड हाच सरळ मार्ग. सिमेंटचे दगड सामू स्थिरावेपर्यंत अनेकदा पाणी बदलून भिजवावे लागतात. ते रचताना मागून-खालून पाणी खेळेल अशा पोकळ्या ठेवाव्यात, कारण गाळण्याचं निम्मं काम या दगडांवर वसणारे जिवाणूच करतात.

प्रवाळ जागचं हलत नाही. त्याचं अन्न आणि ऑक्सिजन प्रवाहच आणतो. त्यासाठी समोरासमोर दोन वेव्हमेकर बसवावेत. प्रकाशासाठी निळा भाग जास्त असलेले एलईडी घ्यावेत, कारण खोल पाण्यात निळाच प्रकाश पोचतो आणि प्रवाळांतली शैवालं तोच नीट वापरतात. दिवे दिवसाला आठ ते दहा तास पुरेत.

सायकल: टाकीत मासा नसतानाचे आठवडे

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं त्या मानाने सौम्य. हे जिवाणू दगडांवर जमेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. त्या काळात बाटलीतले जिवाणू आणि मोजून अमोनिया घालावा आणि टेस्ट किटने तपासत राहावं. घातलेला अमोनिया एका दिवसात संपला आणि नायट्राइटही शून्यावर आलं की सायकल पूर्ण झाली. मग मोठा पाणीबदल करून नायट्रेट खाली आणावं.

यानंतर वाळूवर तपकिरी थर चढतो, पाठोपाठ हिरवं शेवाळ येतं. नव्या टाकीत हे होतंच. औषध ओतण्याऐवजी गोगलगाई सोडाव्यात आणि दिवे थोडे कमी करावेत.

पहिले मासे

सुरुवातीला क्लाउनफिशची जोडी उत्तम. तिला समुद्रफूल लागतंच असं नाही. सगळे क्लाउनफिश नर म्हणून जन्मतात आणि गटातला सर्वांत मोठा पुढे मादी होतो, त्यामुळे दोन लहान मासे आणले की जोडी आपोआप जमते. मासे हॅचरीत वाढलेलेच मागावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र विकसित केलं आहे आणि आपल्याकडे ऐरोलीत कांदळवन प्रतिष्ठाननेही या माशांच्या संवर्धनाचं काम हाती घेतलं आहे. हॅचरीतला मासा कोरडं खाद्य खातो आणि त्याच्यासाठी भित्ती ओरबाडावी लागत नाही.

निळा टँग मोहक असला तरी तो फूटभर वाढतो. तीन फुटी टाकीत त्याची कोंडी होते. मँडरिन फिश जिवंत सूक्ष्मजीवांवर जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण ते प्रवाळांच्या टाकीत कधीच घालता येत नाही.

पहिले प्रवाळ

मासे स्थिरावल्यावर मशरूम, लेदर किंवा झोअँथिड असे मऊ प्रवाळ आणावेत आणि पक्की पावती घ्यावी. आधी खालच्या मंद प्रकाशात ठेवून हळूहळू वर सरकवावेत. झोअँथिडांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. त्यांना हात लावताना हातमोजे आणि चष्मा घालावा. असा दगड उकळणं तर जिवावर बेतू शकतं, कारण विष वाफेबरोबर खोलीभर पसरतं.

दर आठवड्याला

दहा टक्के पाणी बदलायचं, स्किमरचा कप धुवायचा, काच पुसायची. क्षारता, नायट्रेट आणि अल्कलिनिटी मोजून वहीत लिहायची. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास असावं. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालतो. तो एका रात्रीत उडी मारतो तेव्हा प्रवाळ मिटतात. म्हणून कोणतीही दुरुस्ती दोन-तीन दिवसांत विभागून करावी.

वीज गेली तर

प्रवाह थांबला की काही तासांत ऑक्सिजन घटू लागतो, आणि पाणी जितकं गरम तितका तो मुळातच कमी असतो. घरच्या इन्व्हर्टरवर किमान एक वेव्हमेकर जोडावा, नाहीतर बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप ठेवावा. खाद्य त्या दिवशी बंद.

पैसे कुठे घालायचे

बजेट तोकडं असेल तर दिवे साधे घ्या, संप स्थानिक काच कारागिराकडून करून घ्या, मासे दोनच ठेवा. आरओ-डीआय, रिफ्रॅक्टोमीटर, टेस्ट किट आणि किनारपट्टीवर राहत असाल तर चिलर, यांत मात्र काटकसर करू नये. चिलरची सोय नसेल तर मे महिन्याच्या तोंडावर टाकी लावू नका. तोवर कोरं पाणी, मीठ आणि मोजमाप यांवर हात बसवता येतो. त्याला मासाही लागत नाही आणि प्रवाळही.