कांटचें कर्तव्य आणि आइकमनची सबब

जर्मन चिद्वादाची परंपरा ज्याच्यापासून निघाली त्या इमॅन्युएल कांटला १९६१ सालीं जेरुसलेमच्या न्यायालयांत एक विलक्षण अनुयायी लाभला. लक्षावधि ज्यूंना आगगाड्यांनीं मृत्युछावण्यांकडे पाठविणारा नाझी अधिकारी ॲडॉल्फ आइकमन म्हणाला कीं, आपण कांटच्या कर्तव्यविचाराप्रमाणें वागत आलों! न्यायाधीशांनीं विचारतांच त्यानें कांटच्या नियमाची व्याख्याहि बहुतांशीं बरोबर सांगितली. पाठांतर आणि आकलन यांतील अंतर तें हेंच.

आपलें आचरणतत्त्व सर्वांचेंच व्हावें असें विवेकानें इच्छितां येतें काय, ही कांटची कसोटी. ती लावावयाची कोणीं? वरिष्ठानें नव्हे, ज्याच्या त्याच्या विवेकबुद्धीनें. शिवाय मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये, हें त्यानें १७८५ च्या ग्रंथांतच बजावलें आहे. राज्यकर्त्याविरुद्ध बंड त्यानें निषिद्ध मानलें, तेवढा आधार टीकाकारांना मिळतो खरा. परंतु मुळांतच दुष्ट असलेली आज्ञा पाळूं नये, असेंहि १७९३ सालीं त्यानेंच लिहिलें.

अधिक प्रश्न येतांच आइकमननें कबूल केलें कीं, संहाराचें काम अंगावर आल्यापासून आपण कांटची शिकवण सोडली होती, आणि तें आपणांस ठाऊकहि होतें. आपल्या कृतीचे धनी आपण राहिलों नाहीं, अशी त्यानें तेव्हां मनाची समजूत घातली होती.